पलीकडच्या खोलीतला कान

उस्ताद अल्लादिया खाँ १८५५ साली जन्मले. सत्तावनचं बंड अजून व्हायचं होतं, दिल्लीत बहादूरशहा जफर नावापुरता का होईना पण बादशहा होता. खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर गेल्या २००१ च्या फेब्रुवारीत. तोवर मुंबईत लोकलच्या डब्यात मोबाइल वाजायला लागले होते. एक गुरू, एक शिष्या, आणि मध्ये १४६ वर्षं. खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचं नाव निघालं की जाणकार मंडळी जोड रागांवर बोलतात, पल्लेदार तानांवर बोलतात, आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेऱ्याच्या, भरण्यावर बोलतात. मी जाणकार नाही, त्यामुळे असेल, मला आधी या माणसांचं आयुर्मान आठवतं. खाँसाहेब नव्वदी ओलांडून गेले, माई, म्हणजे मोगूबाई, शहाण्णवाव्या वर्षी.

गुरू इतका जगला की शिष्याचं काय होतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. आपल्याकडे गुरूबद्दल लिहायची एक ठरलेली रीत आहे. गुरू गेलेला असतो, भिंतीवर तसबीर असते, गुरुपौर्णिमेला तिला हार चढतो, आणि शिष्य डोळे पुसत दोन आठवणी सांगतो. गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले तेव्हा जेमतेम पन्नाशी ओलांडली होती. मास्टर कृष्णराव, बालगंधर्व, हे त्यांचे शिष्य त्यांच्यामागे कित्येक वर्षं गायले आणि त्यांच्या गाण्यात बुवांची आठवण लोकांनी शोधली. ते प्रेम खरंच होतं, त्याबद्दल शंका नाही. पण तसबीर चुका काढत नाही. शिष्य पन्नाशीत एखादी वेगळी वाट धरतो तेव्हा तसबिरीच्या कपाळावर आठी पडत नाही. माईंच्या शिष्यांना ही सोय नव्हती. त्यातल्या सगळ्यात मोठ्या शिष्येला, त्यांच्या लेकीला, किशोरी आमोणकरांना, तर मुळीच नव्हती. त्यांची गुरू घरातच होती, त्या स्वतः सत्तरीला टेकेपर्यंत.

मला हे थोडंसं कळतं ते आमच्या गाण्याच्या बाईंमुळे. गिरगावात, ठाकूरद्वारच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर बाई राहायच्या. माईंच्या एका शिष्येकडे त्या काही वर्षं शिकल्या होत्या, म्हणजे आम्ही मुली या परंपरेच्या अगदी कडेला, सतरंजीच्या टोकाला बसलेल्या. बाई मूळच्या गोव्याच्या. संध्याकाळी आम्ही पाच-सहाजणी तंबोऱ्याशी बसलो की पहिला अर्धा तास त्या आमच्यासमोर असायच्या आणि मग आत जायच्या. आत म्हणजे पडद्यापलीकडे, स्वयंपाकघरात. तिथे बांगड्यांची आमटी चालू असे. आम्हाला वाटे, चला, सुटलो. जरा सैल सुटलं की आतून आवाज यायचा, "अगो, गंधार! गंधार खंय गेलो?" कढईत चर्र झालेलं असताना, नळ वाहत असताना, शेजारच्या घरात रेडिओवर बातम्या लागलेल्या असताना त्या बाईंना आमच्यातल्या कुणाचा गंधार कणभर खाली गेलाय ते कसं कळायचं, देव जाणे. समोर बसलेल्या गुरूपेक्षा त्या पडद्याची आम्हाला जास्त भीती होती.

पुढे आमच्यातली एकही गायिका झाली नाही. एक बँकेत लागली, एक नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत राहिली, मी शाळेत भूगोल शिकवला. बाईंना त्याचं वाईट वाटलं असेल तर त्यांनी ते कधी दाखवलं नाही. पण आजही मी भांडी विसळताना काही गुणगुणले आणि स्वर ढिला लागला, तर मान आपोआप आतल्या दाराकडे वळते. नवरा हसतो. त्याला वाटतं, दूध उतू गेलं का ते बघतेय.

माईंची गोष्ट मात्र अशी घरगुती नाही. गोव्यातल्या कुर्डी गावात १९०४ साली, कलावंतांच्या घरात त्यांचा जन्म झाला. आईची, जयश्रीबाईंची, एकच इच्छा होती की मुलगी गाणारी व्हावी. त्यासाठी तिने मुलीला नाटक कंपनीत घातलं आणि मुलगी दहा वर्षांची असताना ती गेली. त्यानंतरचा काळ कंपन्यांचा, फिरतीचा, आजारपणाचा. सांगलीत उपचारांसाठी राहिलेली पंधरा-सोळा वर्षांची मोगू घरात रियाज करत असे आणि रस्त्याने जाणारा एक वयस्कर माणूस थांबून ऐकत असे. एक दिवस तो वर आला आणि म्हणाला, मी शिकवतो. तो माणूस कोण, हे तिला नंतर कळलं, असं सांगतात. अल्लादिया खाँ तेव्हा कोल्हापूर दरबारचे गवई होते आणि तेही उपचारांसाठीच सांगलीला आले होते.

इथवरची गोष्ट कुठल्याही चरित्रात शोभेल अशी. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात काही गोड नाही. १९२२ साली शाहू महाराज गेले, खाँसाहेब मुंबईला आले आणि त्यांच्यामागे मोगूबाईही. पण मुंबईत खाँसाहेबांची तालीम मिळणं सोपं राहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला शिकवू नये, अशा अटी घालणारे, त्यासाठी पैसा मोजू शकणारे लोक होते. मोगूबाईंना मधली वर्षं आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे जावं लागलं, मग खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे तालीम मिळाली, आणि खुद्द खाँसाहेबांचा गंडा, शिष्यत्वाचा धागा, त्यांनी बांधला तो १९३४ साली. सांगलीतल्या त्या दुपारपासून मधे दशकाहून जास्त काळ गेलेला. तोवर लग्न झालं होतं, मुलंबाळं झाली होती. १९३९ मध्ये नवरा वारला तेव्हा थोरली किशोरी सात-आठ वर्षांची होती. पदरात तीन मुलं आणि हातात फक्त गाणं.

ज्या बाईला एकेक बंदिश अशी वाट बघून, अपमान गिळून, दारं बदलून मिळवावी लागली, ती शिकवायला बसल्यावर कशी शिकवेल? मला वाटायचं, भरभरून. आपल्याला मिळालं नाही ते मुलांना ओंजळी भरभरून द्यायचं, ही आपल्याकडची नेहमीची रीत. माईंनी तसं केलं नाही. किशोरीताईंनी हे अनेकदा सांगितलंय: माई अस्थाई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, दोनदा गायच्या, अंतरा, म्हणजे दुसरा भाग, दोनदा. तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत शब्द, स्वर, लय, श्वास कुठे घेतला, मुखडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा उतरला, हे सगळं टिपायचं. लिहून घ्यायचं नाही. कशासाठी, का, असं विचारायचं नाही.

हे आजच्या शिक्षणशास्त्राला मुळीच पटणारं नाही आणि मी शिक्षिका म्हणून सांगते, शाळेत असं करणाऱ्याला पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं करतील. तरीही त्यात काय घडत असावं याचा मी विचार करते तेव्हा वाटतं, की माई बंदिशीबरोबर ऐकणंही शिकवत होत्या. पहिल्या वेळी मूल चाल ऐकतं. दुसऱ्या आणि शेवटच्या वेळी, आता पुन्हा मिळणार नाही हे माहीत असताना, ते जे ऐकतं ते अंगात जातं. सांगलीच्या रस्त्यावर उभं राहून ऐकणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाचा कान आणि मुंबईच्या त्या खोलीत बसलेल्या मुलीचा कान, या दोहोंत मला नातं दिसतं. या घराण्यात ऐकणं ही गाण्याआधीची गोष्ट आहे.

या पद्धतीचा एक परिणाम माईंनाही अपेक्षित नसावा. जिला लहानपणी काहीच समजावून सांगितलं गेलं नाही, ती मुलगी जन्मभर समजून घेत बसली. हा राग असाच का? हा गंधार इथे लागतो आणि तोच दुसऱ्या रागात वेगळा का वाटतो? जयपूरच्या गाण्यात आवर्तन बांधीव असतं, सुरुवातीपासून लय अंगावर असते, आलाप तालाच्या मांडीवरच वाढतो. किशोरीताईंनी त्याला थांबवलं. सुरुवातीची लय सैल केली, मींड आणली, एका स्वरावर इतका वेळ राहिल्या की जुने जयपूरवाले अस्वस्थ झाले. स्वरमंडल घेऊन बसल्या. माईंखेरीज त्या इतरांकडेही शिकल्या: भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर, आग्र्याचे अन्वर हुसेन खाँ, ग्वाल्हेरचे शरच्चंद्र आरोलकर. आणि शेवटी, वयाच्या सत्तरीनंतर, राग आणि रस यांवर 'स्वरार्थरमणी' नावाचं पुस्तक लिहिलं. न बोलणाऱ्या गुरूच्या शिष्येनं लिहिलेलं ते पुस्तक आहे. ज्याची उत्तरं घरात मिळाली नाहीत ते प्रश्न त्यात आहेत, असं मी तरी ते वाचताना समजते. पुस्तक अवघड आहे, सगळं मला पटलंही नाही.

मधे एक काळ असा आला की किशोरीताईंचा आवाजच गेला. पंचविशीच्या सुमारास. आयुर्वेदिक उपचारांनी पुढे परत आला, पण तोवर गाणं फक्त डोक्यात. गंमत म्हणजे या घराण्याच्या मुळाशीच असा एक गेलेला आवाज आहे. अल्लादिया खाँ तरुण असताना अतिगाण्याने त्यांचा आवाज बसला होता, आणि जो परत आला तो आधीसारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी रचली, आणि तिलाच पुढे जयपूर गायकी म्हणायला लागले. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ती सुरुवातीला एका माणसाची अडचण होती.

माईंचं घरात असणं या सगळ्या काळात चालूच होतं. लेक आवाज गमावून बसली तेव्हा माई होत्या. ती हिंदी सिनेमाला गायली तेव्हा होत्या, आणि त्यांना ते आवडलं नव्हतं, हेही सर्वश्रुत आहे. तिने मैफलीत लय सैल केली तेव्हा होत्या. १९८७ मध्ये लेकीला पद्मभूषण मिळालं (माईंना ते १९७४ मध्ये मिळालं होतं) तेव्हाही होत्या. बंड करणाऱ्या शिष्याची गोष्ट आपण नेहमी अशी ऐकतो की त्याने गुरूचं घर सोडलं. इथे घर सोडायचा प्रश्नच नव्हता. रोज सकाळी उठून ज्या खोलीत आपण आईच्या पद्धतीपेक्षा वेगळं गाणार, त्याच्या पलीकडच्या खोलीत आई बसलेली. त्या माणसाला बंडही नीट करावं लागतं. थातूरमातूर वेगळेपण चालत नाही, कारण ऐकणाऱ्याला मूळ माहीत असतं आणि मुळापासून किती हललं, का हललं, हेही माहीत असतं. किशोरीताईंच्या गाण्यात मला जी जबाबदारी ऐकू येते, नवं काही करतानाही रागाच्या चौकटीला धरून राहण्याची जी जिद्द ऐकू येते, ती मी त्या दीर्घायुषी कानाच्या नावावर जमा करते. हे माझं मत. पुरावा मागितला तर माझ्याकडे त्यांचा भूप राग आहे फक्त, 'सहेला रे' आणि त्याआधीचा विलंबित ख्याल.

किशोरीताईंच्या रागाचे किस्से महाराष्ट्रात चवीने सांगितले जातात. मैफल थांबवली, कुणाला उठवलं, आयोजकाला सुनावलं. मीही ऐकलेत आणि एके काळी हसलेही. पण त्या मागची गोष्ट त्यांनीच सांगून ठेवलीय. लहानपणी आईमागे तंबोरा धरून बसताना त्यांनी पाहिलं होतं की गाणाऱ्या बाईला लोक कसे वागवतात. गाणं हवं असतं, गाणारी घरात नको असते. मुक्काम कुठे, जेवणाचं ताट कुठे, बिदागी किती आणि ती कशी हातावर ठेवली जाते, हे सगळं ती मुलगी बघत होती. माईंनी यातलं काहीही तिला शिकवलं नव्हतं. माई सोसून पुढच्या गावी जात होत्या, कारण तीन मुलं होती. लेकीनं ठरवलं की आपण सोसणार नाही. गुरूकडून शिष्य काय उचलेल हे गुरूच्या हातात नसतं. गुरूची पाठ बघतही शिष्य शिकतो, आणि तो धडा कधी कधी बंदिशीपेक्षा जास्त टिकतो.

पण मी किशोरीताईंवरच फार रेंगाळले. माईंचे शिष्य इतरही होते आणि त्यांची एकमेकांशी तुलना केली तर माईंचा ठसा म्हणजे नक्की काय, हे सांगणं कठीण होऊन बसतं. पद्मा तळवलकर त्यांच्याकडे शिकल्या, आणि त्या ग्वाल्हेर गायकीही शिकल्या, गजाननबुवा जोशींकडेही शिकल्या. त्यांच्या गाण्यात हे सगळं एकत्र नांदतं. बबनराव हळदणकर वर्षानुवर्षं माईंकडे शिकले, शिवाय खादिम हुसेन खाँसाहेबांकडे आग्र्याची गायकी शिकले, आणि पुढे त्यांनी या दोन घराण्यांवर पुस्तक लिहिलं. नाव 'जुळू पाहणारे दोन तंबोरे'. दोन गुरूंच्या मधोमध जन्मभर उभ्या असलेल्या माणसालाच असं नाव सुचू शकतं. 'जुळलेले' नाही म्हटलं त्यांनी, 'जुळू पाहणारे' म्हटलं. अरुण द्रविड केमिकल इंजिनिअर. शिकायला एमआयटीला गेले, नोकरीत वर आले, आणि त्याच आयुष्यात माईंकडे आणि मग किशोरीताईंकडे शिकून जयपूर गात राहिले. या तिघांचं गाणं लागोपाठ लावलं तर अनोळखी माणसाला ती एका बाईची शिष्यमंडळी वाटणार नाहीत.

मग काय उरलं सारखं? मी माझ्या तोकड्या कानाने शोधायचा प्रयत्न केला. मला दोन गोष्टी सापडल्या. एक, आकार, म्हणजे 'आ' लावून गाणं. तोंड उघडून, स्वच्छ, नाकात न जाणारा, स्वराच्या मधोमध लागणारा. दुसरी, समेवर येण्याची पद्धत. समेच्या आधीच्या एक-दोन मात्रांत गडबड नाही, धाव नाही. तान कितीही वळसे घेऊन आलेली असो, मुखडा पकडायला जागा आधीच राखलेली असते. माई लयीच्या पक्क्या होत्या हे तर सगळेच सांगतात. लयीचा पक्केपणा म्हणजे तिहाया आणि हिशेब असं मी समजत असे. आता वाटतं, वेळेच्या आधी तयार असणं, एवढंच असावं ते.

या माझ्या दीर्घायुष्याच्या सिद्धान्ताला एक मोठी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तिचं नाव मल्लिकार्जुन मन्सूर, याच घराण्याचे गायक. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मनजी खाँ यांच्याकडे मन्सूरांना तालीम मिळाली ती दीड-दोन वर्षं. १९३७ मध्ये मनजी खाँ अचानक गेले. पुढे त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांनी मन्सूरांना शिकवलं, भरपूर शिकवलं, पण मन्सूर ऐंशी वर्षांचे झाले तरी मनजी खाँचं नाव काढताना त्यांचा स्वर बदलायचा म्हणतात. दीड-दोन वर्षांचा गुरू पन्नास वर्षं पुरला. तेव्हा, गुरू खूप जगला म्हणून त्याचा ठसा खोल, असलं काही मी म्हणत नाही. ठसा वेगळ्या जातीचा असतो, इतकंच. लवकर गेलेल्या गुरूची आस राहते. मन्सूरांच्या गाण्यातली ती ओढ, अजून काहीतरी हाताशी यायचं राहिलंय अशी, मला तिथून आलेली वाटते. माईंच्या शिष्यांमध्ये आस कमी आणि जाब जास्त आहे. दोन्हींनी गाणं मोठं झालं.

आणि केसरबाई केरकर? त्यांनीही खाँसाहेबांकडेच शिकून या गायकीचं शिखर गाठलं. शिकवायला मात्र त्यांचा जीव फारसा रमला नाही. मोजून नाव घ्यावं तर एका धोंडूताई कुलकर्णींचं. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. ती आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे पोचलीय. भूगोलाची बाई म्हणून मी वर्गात हे दरवर्षी सांगायची आणि मुलं डोळे विस्फारायची. माईंची ध्वनिमुद्रणं त्या मानाने थोडी आहेत. कुर्डी गावही आता नाही. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं ते. लोकांना ऐंशीच्या दशकात दुसरीकडे वसवलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे वर येतात, जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळात जमतात, आणि पावसाळ्यात सगळं पुन्हा बुडतं. दक्षिण गोव्यात बऱ्याच नळांना पाणी येतं ते याच धरणाचं.

आमच्या बाई शेवटची काही वर्षं लेकाकडे डोंबिवलीला होत्या. नव्वदी झाली होती, दिसत कमी होतं, जीभ मात्र शाबूत. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा न चुकता बघायच्या (म्हणजे ऐकायच्या) आणि परीक्षकांना नावं ठेवायच्या. क्रिकेटही बघायच्या. मी गेले की चहा व्हायच्या आधी "सा लाव" असं म्हणायच्या. माझं पन्नाशीचं वय, संधिवात, शाळेतली तास घेऊन घेऊन बसलेली खरखर, कशाचंच त्यांना देणंघेणं नसे. एकदा मी त्यांना मुद्दाम किशोरीताईंची एक मैफल मोबाइलवर लावून दिली. बाई जुन्या मताच्या. किशोरीताईंचं नाव निघालं की त्या नेहमी "माई त्या माई" म्हणून विषय संपवायच्या. त्या दिवशी पूर्ण ऐकलं. मधे दोनदा तोंड वाकडं केलं. एका जागी हात वर उचलून तसाच धरला आणि समेला मांडीवर टेकवला.

"आईसारखी गायना हां ती," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण सम मात्र आईच्या घरची."

मग मला म्हणाल्या, आता तू गा, तुझी कुणाच्या घरची ते बघू. मी टाळलं, चहा करायला आत गेले. आतून मी भूपाचं काहीतरी गुणगुणायला लागले असणार, कारण बाहेरून हाक आली. या वेळी बाई बाहेर होत्या आणि स्वयंपाकघरात मी.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिची मुलगी, बारा वर्षांची, मुंबईतल्या एका गायिकेकडे शिकते, व्हिडिओ कॉलवर, शनिवारी सकाळी. इकडे तेव्हा संध्याकाळ. या प्रकाराबद्दल मी आधी नाक मुरडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा शेजारी बसून पाहिलं. इंटरनेटवर आवाज पोचायला किंचित उशीर होतो, त्यामुळे गुरू आणि शिष्या एकत्र गाऊच शकत नाहीत. एकीनं गायचं, थांबायचं, मग दुसरीनं. बरोबर गाऊन, गुरूच्या आवाजाच्या आडोशाने शिकायची जी सवय आम्हा मुलींना होती ती या पोरीला मिळतच नाही. पूर्ण ऐकून घ्यावं लागतं, नंतर एकटीनं उभं राहून गावं लागतं. मला हे विलक्षण वाटलं. तालीम अमेरिकेत जाऊन जुनी झाली होती.

पण पोरीच्या आईनं सगळं रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं आणि पोरगी आठवडाभर ते लावत बसते. दोनदा काय, वीसदा. मी तिला माईंबद्दल सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजी, दोनदा ऐकून कुणाला नाही आलं तर?"

मी म्हटलं, तर त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं.

तिला ते अन्यायाचं वाटलं. तसं ती म्हणालीही, इंग्रजीत, आणि मला त्यावर उत्तर देता आलं नाही. मग तिनं कॉल लावला. पलीकडून तंबोऱ्याचा आवाज आला, तिच्या बाई अजून दिसत नव्हत्या, कॅमेऱ्यासमोर नुसती रिकामी खुर्ची होती. पोरीनं सा लावला. खुर्ची रिकामीच होती आणि तरी कुठूनतरी आवाज आला, "वर चढलीयेस, खाली ये."